‘टेबल करणे’: ब्रिटिश अर्थ आणि अमेरिकी अर्थ
सोलापुरातून परदेशात टॉवेल पाठवणाऱ्यांनी ‘टेबल’ हे इंग्रजी क्रियापद जपून वाचावे. ‘तुमचा दर बैठकीत टेबल केला’ असे ब्रिटिश ग्राहकाने लिहिले, तर दर चर्चेला आला. आपल्याकडे विधिमंडळात अहवाल पटलावर ठेवतात, तसा. अमेरिकी ग्राहकाने हेच लिहिले, तर विषय तूर्त लांबणीवर, कदाचित बासनातच! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले, मूळ मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत होते, असे चर्चिल यांनी नोंदवले आहे. भारतीय इंग्रजी ब्रिटिश वळणाची, म्हणून मला अमेरिकी ईमेलचीच जास्त काळजी वाटते. आपण लिहिताना ‘चर्चेला घ्या’ किंवा ‘पुढे ढकला’ असे सरळ इंग्रजीत लिहावे.