आरशातला चेहरा की अंगाएवढी आकृती?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘मी’ या विषयावरचे दोन उद्योग मला सर्वांत आवडतात: आरशात बघून स्वतःचा चेहरा काढणं आणि मोठ्या कागदावर झोपून अंगाभोवती रेघ मारून घेणं.

आरशाच्या चित्राला कागद, खडू आणि न फुटणारा आरसा पुरतो. दीड-दोन वर्षांचं मूल आरशात स्वतःला ओळखू लागतं, पण ते कागदावर उतरवणं बरंच पुढचं. तीन-चार वर्षांची मुलं डोक्यालाच थेट पाय काढतात. ती चुकत नसतात, त्या वयाचं चित्रच तसं असतं. पुढे मात्र मूल शेजारच्याच्या कागदाकडे बघायला लागतं आणि “मला नाही जमत” म्हणून कागद चुरगाळतं.

आकृतीत ही धास्ती कमी. बाहेरची रेघ मोठ्यांनी मारलेली असते, मूल आतलं भरतं: गुडघ्यावरची खपली, शर्टाचं तुटलेलं बटण, पुढचा पडलेला दात. कागद भिंतीला लावला की “मी एवढा मोठा?” असं विचारत ते त्याला पाठ लावून उभं राहतं. जागा मात्र भरपूर लागते. काहींना अंगाजवळ पेन फिरलेलं खपत नाही. आधी विचारावं, नको म्हणालं तर नुसता पंजा घ्यावा.

बुजऱ्या मुलासाठी मी आकृतीच आधी निवडेन. चित्रात रमणाऱ्याला आरसा द्या, सोबत त्वचेच्या निरनिराळ्या छटांचे खडू ठेवा. दोन्हीकडे “छान!” पेक्षा “भुवया किती नीट बघितल्यास” हे जास्त पोचतं. आणि त्याची रेघ सुधारायला हात घालू नका.