"थांबलात तर पेन्शन वाढेल" असं सांगून चौदा महिने घालवले

आमचे हे गेले तेव्हा 52 वर्षांचे होते, कारखान्यात कामावरच होते. तेराव्याच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीने एक गृहस्थ घरी आले. "वहिनी, पीएफचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा." मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. मृत्यूचा मूळ दाखला, बँकेचं पासबुक, लेकीचा जन्मदाखला, सगळं मी त्यांच्या हातात दिलं.

महिन्याभराने विचारलं तर म्हणाले, "घाई करू नका. पेन्शन उशिरा सुरू केली की वर्षाला चार टक्के वाढते. सरकारचाच नियम आहे."

असा नियम खरोखर आहे, म्हणूनच माझा विश्वास बसला. पण तो स्वतः पेन्शन घेणाऱ्या सभासदासाठी आहे, 58 पूर्ण झाल्यावरही तो 60 पर्यंत थांबला तर. विधवेच्या पेन्शनला तो लागू नाही. नोकरीत असताना नवरा गेला तर तिची पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागते. अर्ज उशिरा केल्याने एक रुपयाही वाढत नाही.

मी थांबले. "वरती द्यावे लागतात" म्हणून त्यांनी आधी पाच हजार नेले, मग आठ, मग "ऑर्डर वाढवून आणतो" म्हणून परत पाच. रोख, पावती नाही. लेकीची फी भरायला मी पाटल्या गहाण टाकल्या. आपले हक्काचे पैसे पडून होते आणि मी व्याज भरत होते, हे आठवलं की अजून जीव जळतो.

शेवटी यांच्या सोबत काम करणाऱ्यांच्या मिसेस मला हाताला धरून पीएफ ऑफिसात घेऊन गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी यांचा नंबर टाकून पाहिला. अर्ज आलेलाच नव्हता. मग त्यांनीच समजावलं: पेन्शनला फॉर्म 10-डी, पीएफच्या रकमेला फॉर्म 20, आणि विम्याला 5-आयएफ. विमा? मला कुणी सांगितलंच नव्हतं. कामावर असताना सभासद गेला तर घरच्यांना तो 7 लाखांपर्यंत मिळू शकतो. शिवाय दोन मुलांना 25 वर्षांची होईपर्यंत प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या पाव हिश्श्याएवढी पेन्शन असते. माझी लेक तेव्हा 21 ची होती.

अर्जाला फी नाही. ऑफिस लांब असेल तर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफचं शिबिर भरतं, तिथे जाऊन विचारा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही तर नकोच.

मागची बाकी मला मिळाली. ते 18 हजार गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण रोखीचा पुरावा काय देणार?

गेल्या महिन्यात ते गृहस्थ आमच्याच वसाहतीत एका घरातून बाहेर पडताना दिसले. त्या घरीही नुकतंच तेरावं झालं होतं. मी तशीच त्या बाईंकडे गेले. त्यांचे कागद अजून कपाटातच होते.