‘आजोबांच्या ट्रंकेतला’ १९४२चा अंक आणि माझे ४,२३५ डॉलर

आधी रक्कम सांगते. बयाणा ५०० डॉलर, उरलेले ३,६५० आणि विम्यासकट कुरिअरचे ८५. एकूण ४,२३५ डॉलर, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर. पैसे माझ्या पगारातले, दोन वर्षं वेगळ्या खात्यात बाजूला टाकलेले. त्या बदल्यात माझ्या हातात आलं ते १९७४ साली एक डॉलरला विकलं गेलेलं, वंडर वुमनच्या १९४२च्या कॉमिकचं पुनर्मुद्रण, वरचं कव्हर काढून टाकलेलं.

सहा आठवडे हे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. नवऱ्याला कळलं तेही बँकेचं पत्र आलं म्हणून. आता लाजेपेक्षा संताप मोठा झालाय, आणि परवा जे पाहिलं त्यानंतर गप्प बसणं शक्यच नाही.

मी न्यू जर्सीत राहते. लहानपणी सांगलीत रद्दीच्या दुकानातून इंद्रजाल कॉमिक्स आणून वाचायचे, तिथून हा नाद लागला. इकडे आल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली सुपरहिरो कॉमिक्स जमवायला लागले. फाटकी, कव्हर नसलेली, परवडतील तशी. माझ्याकडे अकरा अंक आहेत. या गोष्टींत शत्रू आघाडीवर नसतो, तो घरात शिरलेला असतो: कारखान्यातला घातपाती, छावणीतला हेर, सभ्य कपड्यांतला उद्योजक. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक आला डिसेंबर १९४०मध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी. त्याच्या कव्हरवर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. आतल्या गोष्टीत त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतच नाझी हेर गोळी घालतो. पण माझा जीव वंडर वुमनवर. ‘सेन्सेशन कॉमिक्स’च्या सातव्या अंकात दुधाचे भाव चढवून अमेरिकन पोरांना दुधाविना ठेवायचा डाव आहे, आणि त्यामागे नाझी हेर बॅरोनेस पाउला. ही गोष्ट मी मुलीला ती सात वर्षांची असताना झोपताना वाचून दाखवलीय, तिथल्या तिथे मराठी करून. हे सगळं सांगतेय कारण लोक म्हणतात, ‘कॉमिकसाठी एवढे पैसे?’ हो, एवढे पैसे. कुणी पैठणीला देतं, कुणी गाडीला देतं.

‘सेन्सेशन कॉमिक्स’चा पहिला अंक जानेवारी १९४२चा. वंडर वुमन पहिल्यांदा अमेरिकेत येते ती याच अंकात. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर एक नर्स रडत बसलेली असते. नवरा होणारा दक्षिण अमेरिकेत, आणि तिच्याजवळ त्याच्याकडे जायला पैसे नाहीत. वंडर वुमन तिला पैसे देते आणि तिची कागदपत्रं, तिचं नाव घेते: डायना प्रिन्स. हा अंक मूळ स्वरूपात मिळणं महाकठीण. युद्धात कागदाची टंचाई होती, शाळकरी मुलं देशासाठी म्हणून दारोदार रद्दी गोळा करायची, आणि त्या रद्दीत ही दहा सेंटची कॉमिक्स ढिगाने गेली. राहिली ती थोडी.

अशा अंकाची जाहिरात मला खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर दिसली. विकणारा ओहायोतला. आजोबा वारले, ट्रंकेत सापडला, भावाबहिणींत वाटणी व्हायचीय, शुक्रवारपर्यंत सोक्षमोक्ष लावायचाय. घाई दिसली की सावध व्हायचं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही होतं. पण वाटणीच्या भांडणात माणसं खरंच घाई करतात. माझ्या माहेरी मी ते पाहिलंय, त्यामुळे ते कारण मला खरं वाटलं. भाव बाजारापेक्षा खूपच कमी होता, पण कण्याला चिकटपट्टी, दोन पानं फाटलेली, ग्रेडिंग म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घेणं केलेलं नाही, हे त्याने आपण होऊन सांगितलं. जो माणूस दोष सांगतो तो खोटा नसणार, असं मी धरून चालले. तुम्ही धरून चालू नका. ती चिकटपट्टी नेमकी तिथे का होती, ते मला नंतर कळलं.

मी काही डोळे झाकून पैसे दिले नाहीत. प्रत्येक पानाचा फोटो मागवला. नर्सचं पान पाहिलं. मिस्टर टेरिफिक आणि वाइल्डकॅट हे दुसरे दोन सुपरहिरोही या अंकात पहिल्यांदा येतात, त्यांच्या गोष्टी जागच्या जागी होत्या. जुन्या जाहिरातीसुद्धा. पानं मोजली, बरोबर भरली. दोन रात्री मी हे करत बसले होते. आणि त्या दोन रात्रींनी काहीही सिद्ध होत नव्हतं, कारण वंडर वुमनची प्रकाशक कंपनी डीसीने सत्तरच्या दशकात ‘फेमस फर्स्ट एडिशन’ नावाने जे अंक काढले त्यांत हे सगळं जसंच्या तसं छापलंय. पहिली पानं, शेवटची पानं, जाहिराती, आतलं जुनं कव्हर, सगळं. वर फक्त एक जास्तीचं जाड कव्हर घातलेलं होतं, हे पुनर्मुद्रण आहे असं सांगणारं. ते काढलं की उरतो १९४२चा अंक, निदान फोटोत तरी. कण्यावरची ती चिकटपट्टी कव्हर काढल्याच्या जागेवरच होती. हा डाव पन्नास वर्षं जुना आहे. जुन्या संग्राहकांना तो तोंडपाठ आहे. मलाही वाचून माहीत होता!

माहीत होता आणि तरी दिसला नाही, हेच मला जाळतंय.

फोटो ताजा आहे हे दाखवण्यासाठी विकणारे वस्तूशेजारी तारखेची चिठ्ठी ठेवतात. याने चिठ्ठी ठेवली आणि ती उडू नये म्हणून वर एक डॉलरची नोट ठेवली. अंकाच्या खालच्या कडेला समांतर, सरळ. तो फोटो मी शंभरदा पाहिला असेल. झूम करून कण्याची चिकटपट्टी पाहिली, स्टेपलचा गंज पाहिला, पिवळट कडा पाहिल्या. नोट पाहिली नाही. डॉलरची नोट ६.१४ इंच लांब असते. चाळिशीच्या दशकातलं कॉमिक रुंदीला पावणेआठ इंचांच्या आसपास, म्हणजे नोटेने जवळजवळ ८० टक्के रुंदी व्यापायला हवी, दोन बोटं जागा उरायला हवी. फोटोत नोटेपुढे तळहात मावेल एवढी जागा होती. कारण ते पुनर्मुद्रण मोठ्या आकाराचं, १० बाय साडेतेरा इंच. पर्समध्ये नोट होती, कपाटात १९४३चा खरा अंक होता. दोन्ही काढून शेजारी ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं. गोष्ट मी अक्षर न् अक्षर तपासली, वस्तू तपासली नाही.

म्हणून सांगते, फोटोत पट्टी मागा. मोजपट्टी, अंकाला चिकटवून, आडवी आणि उभी. देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

फोनवरही बोललो आम्ही, वीस-पंचवीस मिनिटं. वंडर वुमन लिहिणारा मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता, रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या चाचणीवर त्याने काम केलं होतं, हे मीच त्या माणसाला हौसेने सांगितलं. तो म्हणाला, “अगदी! आजोबा हेच सांगायचे.” माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, केवढी आठवण जपलीय या घराने. प्रत्यक्षात मी त्याला धागा पुरवत होते आणि तो त्याचंच कापड विणून मलाच विकत होता. तुम्हाला जे ठाऊक आहे ते विकणाऱ्याला सांगू नका. त्याला बोलू द्या, तुम्ही ऐका.

“आजोबांनी स्वतः दहा सेंटला घेतला होता,” हे तो फोनवर बोलला. लिहून कधीच दिलं नाही. मेसेजमध्ये प्रत्येक वेळी एकच वाक्य: “फोटोत दिसतोय तो अंक.” ‘मूळ छपाई, पुनर्मुद्रण नाही’ हे शब्द लेखी घ्या. ते माझ्याकडे असते तर पुढचं बरंचसं वेगळं झालं असतं.

आणि पैसे. ॲपवर ‘मित्र किंवा नातेवाईक’ या पर्यायाने पाठव, नाहीतर कंपनी तीन टक्के कापते, म्हणाला. बयाण्याच्या वेळी मी तसं केलं आणि काही बिघडलं नाही, म्हणून ३,६५०ही तसेच पाठवले. अनोळखी माणूस तुमचा नातेवाईक नाही. तीन टक्के जाऊ द्या.

पार्सल मंगळवारी आलं. खोकं मोठं होतं. मला वाटलं, केवढी काळजी घेतलीय बिचाऱ्याने. मी आधीच त्या काळच्या अंकांच्या मापाची मायलरची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणून ठेवली होती. हात धुतले, ओट्यावर स्वच्छ पंचा अंथरला, अंक काढला आणि पिशवीत सरकवायला लागले. जाईना. कोपरा दुमडेल म्हणून बाहेर काढला, उलटा करून पाहिला, तरी जाईना. आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की दुकानदाराने पिशवी चुकीच्या मापाची दिली. संध्याकाळभर मी तेच धरून बसले. रात्री कपाटातला १९४३चा अंक काढून त्यावर ठेवला. चारही बाजूंनी खालचा अंक बाहेर डोकावत होता. मी स्वयंपाकघरातच खाली बसले.

त्याला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं: फोटोत होता तोच अंक पाठवलाय, तुम्ही प्रत्येक पान पाहिलंत. मग ब्लॉक.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पोलीस स्टेशनच्या खिडकीवरच्या माणसाने मला दोनदा विचारलं, “कॉमिक बुकसाठी? चार हजार?” दुसऱ्यांदा विचारताना तो मागे बसलेल्याकडे पाहून हसला. माझं दागिन्याचं दुकान लुटलं गेलं असतं तर हसला असता का? म्हणे ही दिवाणी बाब आहे. मी चौदा पानं प्रिंट काढून नेली होती: फोटो, मेसेज, नोटेचं माप, पुनर्मुद्रणाच्या अख्ख्या प्रतीचा फोटो. एकही पान उलटलं नाही. पुन्हा गेले, तेव्हा कुठे नोंदीचा नंबर मिळाला, आणि नोंदीत वस्तूचं वर्णन काय? ‘जुनं मासिक’. ओहायोत त्याच्या गावच्या पोलिसांना फोन केला तर म्हणाले, तुमच्या गावात तक्रार करा. माझ्या गावचे म्हणतात, आरोपी त्यांच्या हद्दीत आहे. चार वेळा हा चेंडू इकडून तिकडे गेला आणि प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं होल्डवर मी.

बँक म्हणाली, तुमच्या खात्यात कुणी घुसलेलं नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. ॲपवाल्यांकडे तर माणूसच नाही, तेच तेच उत्तर परत येतं. कुरिअरच्या विम्याला ८५ डॉलरमधला हिस्सा घेताना काही अडचण नव्हती, पण पार्सल न मोडता पोहोचलं म्हणून दावा बसत नाही. सरकारी पोर्टलवर तासभर खपून तक्रार भरली, त्यावर एक आपोआप आलेली ईमेल आहे, बाकी शून्य. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जावं म्हटलं तर त्याने दिलेला पत्ता निघाला भाड्याच्या टपालपेटीचा. नोटीस बजावायची कुणावर? फसवणाऱ्याला कुठलाच फॉर्म भरावा लागत नाही. मी आतापर्यंत सात भरले. प्रत्येकात तोच रकाना: ‘नुकसान कशाचे झाले?’ आणि त्यापुढे अर्धी ओळ जागा. जे चौकीत बसतात त्यांना एवढं तरी कळावं की वस्तू काय होती यावर फसवणूक ठरत नाही. कानातल्या कुड्या असोत की कागद, खोटं बोलून पैसे घेतले तर ती चोरीच.

पैसे दिल्यापासूनच्या सगळ्या तारखा एका वहीत लिहा, फोनवर बोललेल्या प्रत्येकाचं नाव विचारून घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, आणि तेही मला ऐकवलं गेलं.

परवा काय झालं ते सांगते. त्याच ग्रुपवर, वेगळ्या नावाने, ‘वंडर वुमन’चा पहिला अंक विक्रीला आलाय, उन्हाळा १९४२चा. या अंकाचंही सत्तरच्या दशकातलं तसंच पुनर्मुद्रण आहे. या वेळी ट्रंक आजीची. फोटोत तीच गडद तपकिरी टेबलाची कड, चिठ्ठी आणि वर डॉलरची नोट. मी फोटो मोठ्या कागदावर छापून आणला आणि मुलीची पट्टी घेऊन बसले. नोट अठरा सेंटिमीटर आली, अंकाची रुंदी साडेएकोणतीस. एकसष्ट टक्के.

ग्रुप चालवणाऱ्याला कळवलं, पुरावे असतील तर बघू म्हणाला. चौदाच्या चौदा पानं पाठवली, त्यात हे पंधरावं. पोलिसांच्या नोंदीत जोडायला नेलं, तर म्हणाले, हे वेगळं प्रकरण आहे, ज्याचं नुकसान होईल त्याने यावं. खाली एकाने ३,९०० डॉलरला तयारी दाखवलीय. त्याला काल रात्री मेसेज केला, नोटेचं माप आणि दोन्ही फोटो घालून. आज दुपारपर्यंत त्याने तो उघडलेला नाही.