आधी स्टिरिओ की आधी स्पीकर?

छोट्या गाडीत दोन्ही एकदम बदलायचं बजेट नसेल, तर माझं मत सरळ आहे: आधी स्पीकर.

नवा स्टिरिओ घेतला की मोठी स्क्रीन, नकाशे, चांगला इक्वलायझर मिळतो. आवाजात मात्र वाटतो तेवढा फरक पडत नाही. डब्यावर '५० वॅट × ४' छापलेलं असतं, पण तो क्षणिक कमाल आकडा. सलग मिळतात चॅनलमागे (म्हणजे एका स्पीकरमागे) साधारण १५ ते २० वॅट, म्हणजे कंपनीच्या स्टिरिओइतकेच. शिवाय स्टेअरिंगवरची बटणं चालू ठेवायला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागू शकतो. वायरी कापू नका, कपलर (मूळ प्लगमध्ये थेट बसणारा वायरींचा जोड) घ्या.

दाराचं पॅनल उघडून मूळ स्पीकर हातात घ्या. कागदी कोन, मागे बिस्किटाएवढं मॅग्नेट, वजन जेमतेम. त्याजागी एकाच चौकटीत मोठा आणि छोटा स्पीकर असलेला चांगला कोअ‍ॅक्सियल बसवला की गाण्यातले शब्द सुटे ऐकू येतात. घेताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो) बघा. ९० डेसिबलच्या पुढची बरी. ३ डेसिबल कमी असतील तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, आणि ते मूळ स्टिरिओकडे नसतात.

पॅनल उघडलंच आहे तर दाराच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी शीट) चिकटवा, आतली भोकं बुजवा. बेस इथेच वाढतो. (एका दाराचे प्लस-मायनस उलटे जोडून मी दोन दिवस 'बेस कुठे गेला' म्हणत बसलो होतो.)

मूळ स्टिरिओला ब्लूटूथच नसेल, तर मात्र क्रम उलटा करा.