केंटियाच्या दरात अरेका, तोही मुळे तोडलेला

घरातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यासाठी मला केंटिया पाम हवा होता. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरचा हा पाम फार सावकाश वाढतो, माणसाच्या उंचीचा व्हायला त्याला अनेक वर्षे लागतात आणि म्हणूनच तो महाग असतो, हे मला ठाऊक होते. त्याच्या नावावर अरेका हा स्वस्तातला दुसरा पाम खपवला जाऊ शकतो, हे मात्र मनातही आले नाही.

विक्रेत्याने छायाचित्र केंटियाचे दाखवले, दरही केंटियाचाच लावला. कुंडी घरी आली तेव्हा चारही खोडांवरच्या पानांचे देठ पिवळसर होते आणि त्यांवर मोहरीहून बारीक काळे ठिपके होते. केंटियाचे देठ हिरवे असतात आणि त्याच्या रुंद, गर्द पाती खाली झुकतात. पिवळे, ठिपक्यांचे देठ आणि वर उचललेल्या अरुंद पाती ही अरेकाची खूण. शंका विचारली तेव्हा "कोवळेपणी देठ पिवळेच असतात" असे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर, एवढे पैसे मोजल्यावर मलाही ते पटवूनच घ्यायचे होते. पानांची चकाकी पाहून मी खूश होतो. ओल्या फडक्याने पुसल्यावर फडके तेलकट झाले, तेव्हा ती चकाकी फवाऱ्याची निघाली.

तीन आठवड्यांत पानांची टोके करपली. फोन केला असता विक्रेत्याने शेंडे छाटण्यास सांगितले, म्हणजे बाजूने भरपूर फुटवे येतील. जास्वंदीला हा सल्ला लागू पडतो, पामला नाही. पामचे प्रत्येक खोड शेंड्यातल्या एकाच कोंबावर वाढते आणि तो कोंब कापला की ते खोड मरते. अरेकाला नवे फुटवे येतात ते बुंध्याशी, मुळांच्या जोरावर. हे मी नंतर शिकलो. तोवर चारही शेंडे कापून झाले होते.

खोडे वाळू लागल्यावर त्यांतले एक धरून हलकेच उचलले, तर जमिनीत नुसता रोवलेला खुंटा निघावा तसे ते कुंडीतल्या कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) अलगद वर आले. मुळे चार बोटांवर सरळ कापलेली होती. कुंडीत रुळलेला पाम असा सुटत नाही. त्याच्याबरोबर मुळांनी घट्ट धरलेला मातीचा गड्डा येतो. जमिनीतून उपटून, मुळे तोडून, विक्रीपुरता कुंडीत खोचलेला हा माल होता. घेताना खोड जरा हलवून पाहिले असते आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून मुळे दिसतात का एवढे तपासले असते, तरी तो तिथेच ओळखू आला असता.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने झाडाचे छायाचित्र मागवले आणि तासाभरात नकार कळवला. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते की ग्राहकाने स्वतः छाटणी केल्यास हमी रद्द होईल. छाटणीचा सल्ला त्यांनी फोनवर दिला होता. लेखी काहीच नव्हते.