स्नोमोबिलचं पेट्रोल उन्हाळाभर सांभाळताना : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

यंदा बर्फ पडल्यावर माझी स्लेड (स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीला, इथे असंच म्हणतात) दोरीच्या चौथ्या ओढीला सुरू झाली आणि दोन मिनिटांत आयडलिंगला शांत बसली. सात महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या, माझ्या मोठ्या मुलाहून वयानं जास्त असलेल्या मशीननं असं सुरू व्हावं, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. त्यामागे दोन उन्हाळ्यांची धडपड आहे.

मी डलूथजवळ राहतो, अमेरिकेतल्या मिनेसोटात. 2022-23 च्या हिवाळ्यात इथे 140 इंच बर्फ पडला, तो विक्रमच होता. त्याच फेब्रुवारीत मी 1990 च्या दशकातली पोलॅरिस इंडी 500 जुन्या बाजारातून घेतली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. एप्रिलमध्ये ती जशीच्या तशी शेडमध्ये लावली, अर्ध्या टाकीत साधं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पुण्यात गाडी दोन महिने उभी राहिली तरी चार किका मारून सुरू व्हायची, तोच हिशोब डोक्यात होता. त्यात पुढचा हिवाळा जवळजवळ बर्फाविना गेला, त्यामुळे ते पेट्रोल वर्षभर टाकीत राहिलं. 2024 च्या मार्चअखेर एकदाचा बर्फ आला, तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण स्लेड हूं की चूं करेना.

वर्कशॉपवाल्यानं कार्ब्युरेटरचा बाउल, म्हणजे पेट्रोल साठणारी खालची वाटी, उघडून दाखवला. तळाशी मधासारखा चिकट थर आणि नाकाला झोंबणारा वार्निशचा वास. पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, त्यानं खिडकीच्या उजेडात धरला, छिद्रातून काहीच दिसेना. साफ केल्यावर सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. एवढ्याशा भोकातून अख्खं इंजिन आयडलिंगला पेट्रोल ओढतं! त्या दिवसापासून मी या विषयाचा पिच्छाच पुरवला.

2024 च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात घालायचं औषध, वापरला. लाल रंगाचा स्टा-बिल, अडीच गॅलनला 1 औंस, म्हणजे माझ्या 10 गॅलनच्या टाकीला 4 औंस. बाटलीवर 24 महिन्यांपर्यंत पेट्रोल टिकतं असं लिहिलेलं आहे. औषध टाकीत ओतलं, स्लेड जरा हलवली, मिनिटभर इंजिन चालवलं आणि बंद केलं. डिसेंबरात ती सुरू झाली खरी, पण डावा सिलिंडर मिसिंग मारत होता आणि चोक काढला की बंद पडायची. पुन्हा कार्ब्युरेटर उतरवले. टाकीतलं पेट्रोल स्वच्छ होतं, बाउलमधलं मात्र पिवळं पडलेलं. चूक माझी होती. टाकीत औषध घातलं म्हणजे ते आपोआप कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही. मिनिटभरात नळीतलं आणि बाउलमधलं जुनं पेट्रोल पुरतं संपतच नाही, त्यामुळे औषध घातलेलं तिथे पोचलेलंच नसतं.

म्हणून 2025 च्या एप्रिलमध्ये सगळं नीट केलं. पेट्रोल इथेनॉलविरहित घेतलं. मिनेसोटात बऱ्याच पंपांवर 91 ऑक्टेनचं असं पेट्रोल मिळतं. गॅलनमागे जवळपास 1 डॉलर जास्त पडतो, तो मी आनंदानं देतो. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधनाची नळी तळातूनच ओढते. टाकी जवळजवळ गच्च भरली, पेट्रोल उन्हाळ्यात फुगतं म्हणून वर थोडी जागा ठेवली. अर्धी टाकी ठेवली तर रिकाम्या भागातल्या हवेतल्या ओलीचं रात्री दव होतं आणि ते पेट्रोलमध्ये उतरतं.

औषध टाकून स्लेडचा मागचा भाग उचलून धरणाऱ्या स्टँडवर, शेडच्या बाहेर, तब्बल 10 मिनिटं इंजिन चालवलं. दार बंद करून हे कधीही करू नका, धुरातला विषारी वायू जीव घेतो. मग एअरबॉक्स (हवा आत घेणारा डबा) काढून दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात आळीपाळीनं फॉगिंग ऑइल, म्हणजे इंजिनाच्या आत गंज रोखणारा थर धरणारं तेल, मारलं. पांढरा दाट धूर निघू लागला, आवाज जड झाला, तेव्हा इंजिन बंद केलं. टू-स्ट्रोकला क्रँकखाली तेलाचं भांडं नसतं. चालताना जे तेल पेट्रोलबरोबर येतं त्यावरच बेअरिंग जगतात, म्हणून उभ्या मशीनला हा थर हवाच. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडा फवारा मारला आणि दोरी दोनदा हळू ओढली.

शेवटी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि दोन्ही बाउल रिकामे केले. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं. बाउलमध्ये पेट्रोलच नसेल तर डिंक कशाचा होणार? हँडलला तारीख आणि ‘कॉक बंद’ लिहिलेली चिठ्ठी बांधली. नंतर उन्हाळ्यात मध्येच सुरू करायचा मोह टाळला. पाच मिनिटं चालवून इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल तेवढी धरते, शिवाय फॉगिंगचं तेलही जळून जातं.

औषधाबद्दल एक स्पष्ट सांगतो. आंबलेलं पेट्रोल ते ताजं करत नाही. ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्या दिवशी घातलं तरच उपयोग. शेजाऱ्यानं सप्टेंबरात जुन्या टाकीत ओतलं होतं, त्याचे जेट माझ्याचसारखे बुजले.

भारतात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. कोकणातल्या घरी गाडी ठेवून मुंबईला परतणाऱ्यांच्या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात. ज्यांच्याकडे जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे त्यांनी निघताना कॉक बंद करून बाउल तरी रिकामा करावा, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

माझ्याकडे राहिलंय ते इंधननळ्यांचं काम. बोटांनी वाकवल्या की वळणावर बारीक चिरा दिसतात. येत्या एप्रिलमध्ये नळ्या आणि फिल्टर दोन्ही बदलणार, मगच टाकी भरणार.