रॅम्डामधील फंक्शन जोडणारे कॉम्बिनेटर: कोणते वापरावेत, कोणते टाळावेत

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनल पद्धतीने लिहू पाहणारा प्रोग्रामर आज ना उद्या रॅम्डा या लायब्ररीपाशी येऊन पोहोचतोच. तिच्यात दोनशेहून अधिक फंक्शन्स आहेत. येथे मात्र मी लहान फंक्शन्स जोडून मोठे फंक्शन घडवणाऱ्या कॉम्बिनेटरांचाच विचार करणार आहे. माझ्या मते रॅम्डाचे खरे बळ याच गटात आहे आणि तिच्या नावावर लिहिला जाणारा सर्वांत दुर्बोध कोडही याच गटातून येतो.

सुरुवात अर्थातच पाइप आणि कंपोज यांच्यापासून. दोघांचे काम एकच, म्हणजे एका फंक्शनचे उत्तर पुढच्या फंक्शनला देणे. फरक इतकाच की पाइप डावीकडून उजवीकडे जाते आणि कंपोज उजवीकडून डावीकडे. लेखाच्या शीर्षकापासून वेबपत्त्याचा तुकडा तयार करायचा असेल, तर पाइपमध्ये ट्रिम, टूलोअर, मोकळ्या जागेवर तोडणारे स्प्लिट आणि आडव्या रेघेने सांधणारे जॉइन अशी चार फंक्शन्स ओळीने लिहिली की काम होते, आणि वाचणाऱ्यालाही ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने ते दिसते. एवढे काम स्ट्रिंगच्या स्वतःच्या मेथडची साखळी लावूनही होते, हे खरे. परंतु मधल्या टप्प्यावर आपण स्वतः लिहिलेले फंक्शन घालायचे झाले की ती साखळी तुटते, कारण ते फंक्शन स्ट्रिंगवर मेथड म्हणून उपलब्ध नसते. पाइपला मात्र त्याने काहीच फरक पडत नाही. गणिताच्या सवयीमुळे कंपोज आवडणारे लोक आहेत, पण अनेकांनी मिळून सांभाळायच्या कोडमध्ये सर्वत्र पाइपच वापरावे असे मी आग्रहाने सांगेन.

ही जोडणी इतकी सहज होते याचे श्रेय एकट्या पाइपचे नाही. रॅम्डातील जवळजवळ प्रत्येक फंक्शन करी केलेले असते, म्हणजे त्याला आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्ये) एकेक करूनही देता येतात, आणि ज्या डेटावर काम करायचे तो शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून घेते, त्यामुळे आधीचे आर्ग्युमेंट भरून उरलेले फंक्शन थेट पाइपमध्ये ठेवता येते. शिवाय रॅम्डाचे मॅप यादीतील घटकापलीकडे काहीही पुढे पाठवत नाही, आणि या संयमाचे मोल प्रत्यक्ष उदाहरणात कळते. ‘१०’ हा आकडा मजकूररूपात तीनदा असलेल्या यादीवर जावास्क्रिप्टचे स्वतःचे मॅप चालवून त्याला थेट पार्सइंट हे मजकुराचा पूर्णांक करणारे फंक्शन दिले, तर उत्तर १०, नॅन (‘संख्या नाही’ असे मूल्य) आणि २ असे येते, कारण घटकाचा क्रमांकही सोबत जातो आणि पार्सइंट त्यालाच संख्यापद्धतीचा पाया समजते. रॅम्डाच्या मॅपने तीच यादी तीनही ठिकाणी १० देते.

कन्व्हर्ज हा मला या गटातील सर्वांत मोलाचा कॉम्बिनेटर वाटतो. एकच डेटा दोन किंवा अधिक फंक्शन्सकडे पाठवायचा आणि त्यांची उत्तरे एका शेवटच्या फंक्शनकडे आणायची, ही गरज वारंवार पडते आणि पाइपच्या एकेरी वाटेत ती बसत नाही. सरासरीचे उदाहरण सर्वपरिचित आहे: शेवटचे फंक्शन डिव्हाइड, आणि फांद्या दोन, सम व लेंग्थ. सरासरीची व्याख्याच जणू कोडमध्ये उतरते. मात्र रिकामी यादी दिली की शून्य भागिले शून्य होऊन नॅन हातात येते. रॅम्डाचे तयार मीन हे फंक्शनही तसेच वागते. तेव्हा रिकाम्या यादीचा विचार आपणच आधी करून ठेवायला हवा. फांद्या दोन-तीन असेपर्यंत कन्व्हर्ज सुबक दिसते. त्याहून वाढल्या तर प्रत्येक उत्तराला नाव देणारे साधे ॲरो फंक्शन (बाणाच्या चिन्हाने लिहिले जाणारे जावास्क्रिप्टचे छोटे फंक्शन) लिहावे.

यूजविथ याच्या उलट आहे. ते प्रत्येक आर्ग्युमेंटला त्याच्या जागेवरच्या फंक्शनमधून काढते आणि मग सारे एकत्र करते. कागदावर हे व्यवस्थित वाटते, पण प्रत्यक्ष वाचताना कोणता आर्ग्युमेंट कुठे गेला हे बोटाने मोजावे लागते, कारण नावे पुसली गेलेली असतात. मी ते सुचवणार नाही. ॲप आणि चेन ही रॅम्डाची फंक्शन्स यादीऐवजी फंक्शन्सवरही चालवता येतात, ती सोयही याच पंक्तीतली. मोझेस शाइनफिंकेल यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कॉम्बिनेटरांच्या आधारे चल नावांशिवाय तर्क मांडता येतो हे दाखवले, आणि ॲपचे हे रूप म्हणजे त्या परंपरेतला एस कॉम्बिनेटरच होय, जो एकच मूल्य दोन फंक्शन्सना देऊन एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला लावतो. विषयाची गोडी असणाऱ्याने ते अवश्य समजून घ्यावे. तथापि, चेनला अपेंड आणि हेड देऊन यादीचा पहिला घटक तिच्याच शेवटी जोडणारी ओळ सहकाऱ्याने पाहिली, तर ती उलगडण्यात त्याचा जो वेळ जाईल तो वाचवलेल्या दोन नावांच्या मानाने फारच महाग आहे.

टॅपबद्दल थोडक्यातच सांगतो: पाइपच्या मध्ये ते ठेवून चालू मूल्य लॉग करता येते आणि मूल्य जसेच्या तसे पुढे जाते, म्हणून चूक शोधताना त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. पाइपविथ अधिक लक्षपूर्वक शिकावे. दोन टप्प्यांमधला सांधा कसा चालावा हे त्यात आपण ठरवतो. उदाहरणार्थ, मधले उत्तर नल (रिकामे मूल्य) आले तर पुढचे टप्पे न चालवता तेच परत द्यावे, हा नियम एकदाच लिहून सर्वत्र वापरता येतो. प्रॉमिससाठी, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तरांसाठी, पूर्वी असलेले पाइपपी आता काढून टाकले आहे, आणि त्याचे काम पाइपविथला अँडदेन (प्रॉमिसचे उत्तर आल्यावर पुढचे फंक्शन चालवणारे) देऊन होते. हा बदल मला योग्य वाटतो.

एक उणीव मात्र स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. पाइपला एकही फंक्शन दिले नाही तर ते एरर फेकते. जोडणीच्या बीजगणितात रिकाम्या साखळीचे उत्तर आयडेंटिटी, म्हणजे दिलेले मूल्य तसेच परत देणारे फंक्शन, असायला हवे, आणि रिडक्स या दुसऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे कंपोज नेमके तसेच वागते. टप्प्यांची यादी सेटिंगवरून बनत असेल आणि ती कधी रिकामी राहू शकत असेल, तर सुरुवातीला आयडेंटिटी घालून ठेवावी.

टाइपस्क्रिप्ट, म्हणजे मूल्यांचे टाइप (प्रकार) तपासणारी जावास्क्रिप्टची विस्तारित भाषा, वापरणाऱ्यांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. रॅम्डाचे पाइप मूल्य येण्याआधीच फंक्शन बांधते, त्यामुळे पहिले फंक्शन जेनेरिक (कोणत्याही टाइपवर चालणारे) असेल तर कंपायलरला टाइप ओळखता येत नाहीत आणि ते अनेकदा हाताने लिहावे लागतात. एफपी-टीएस या टाइपस्क्रिप्टसाठीच्या फंक्शनल लायब्ररीचे पाइप पहिल्या जागी प्रत्यक्ष मूल्य घेते, म्हणून तेथे टाइप डावीकडून आपोआप पुढे सरकतात. ज्यांच्या प्रकल्पात टाइप काटेकोर ठेवायचे आहेत त्यांनी एफपी-टीएस निवडावे. निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्यांनी रॅम्डातून पाइप, पाइपविथ, कन्व्हर्ज आणि टॅप एवढेच घेऊन सुरुवात करावी.